तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका : ही नावं काय बघून ठेवली?

पाटीपेन्सिल
लेक आठवीत, मराठी माध्यम. काल रात्री विज्ञानाचं पुस्तक पुढ्यात घेऊन विचारते, "आई, लयकारिका म्हणजे गाण्यातली लय का गं?" हसू आलं, उत्तर आलं नाही. माझं अकरावी-बारावी इंग्रजीत झालं, त्यामुळे डोक्यात लायसोसोम. पुढे तंतुकणिका. पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून पाठ करायचं, आणि नावात ना ऊर्जा ना केंद्र! ही नावं ठेवली तरी काय बघून? कुणी फोड करून सांगेल का?

बुचाचा काप
ताई, 'काय बघून' हा प्रश्न नेमका लागलाय. बहुतेक नावं खरोखर 'बघून'च ठेवलेली आहेत, काम नंतर कळलं. कार्ल बेंडाला १८९८ मध्ये रंगवलेल्या पेशींत कुठे धाग्यासारखं, कुठे दाण्यांसारखं काही दिसलं. ग्रीकमध्ये मितोस म्हणजे धागा, खोंड्रिऑन म्हणजे बारीक दाणा. झालं मायटोकाँड्रिया. तिथे ऊर्जा तयार होते हे सिद्ध व्हायला पुढे पन्नासेक वर्षं गेली. मराठीत मूळ शब्दाची तशीच फोड करून तंतु + कणिका केलं. भाषांतर चोख, पोरांना उपयोग शून्य.

लयकारिकेचं उलटं आहे. इथली लय तबल्याची नव्हे, 'उत्पत्ती, स्थिती, लय' मधली. लय करणारी, म्हणजे विरघळवून संपवणारी. ख्रिश्चन द द्यूव यांनी हे अंगक (पेशीतला छोटा अवयव) आधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. उंदराच्या यकृताच्या पेशी वाटून त्यातल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, जोर ते मोजत होते. ताज्या नमुन्यात तो कमी भरला, आणि तोच नमुना काही दिवस फ्रीजमध्ये ठेवून मोजला तर वाढलेला! म्हणजे विकर कुठल्या तरी पिशवीत बंद होतं आणि पिशव्या फुटल्यावर बाहेर आलं. नाव दिलं १९५५ मध्ये. रूप दिसलं नव्हतं, काम कळलं होतं, म्हणून नावात काम आलं.

साधं बोला
मायटोकाँड्रियाच म्हणा की सरळ. अकरावीला गेल्यावर तेच म्हणायचंय.

बुचाचा काप
म्हणा ना, कोण अडवतंय. मी वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो. पण ऊती घ्या. ऊत म्हणजे विणलेलं, आणि इंग्रजी टिश्यूच्या मुळाशीही फ्रेंचमधलं विणणंच आहे. असा शब्द हाताशी असताना टाकून द्यायला जिवावर येतं. आंतर्द्रव्यजालिकेचा (पेशीच्या आतलं जाळं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) आग्रह मात्र मी धरणार नाही, म्हणताना मलाच दम लागतो.

माळव्यातला
इंदूरहून. आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! विज्ञानात कोशिका. पेशी येते ती मांसपेशीत, म्हणजे तुमच्या स्नायूत. सुश्रुतानेही शरीरात पाचशे पेशी सांगितल्यात, त्या मांसाच्याच. आणि स्नायू म्हणाल तर त्याने नऊशे वेगळे मोजलेत, ते बांधून ठेवणारे, दोऱ्यांसारखे. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. एका शब्दाने किती घरं बदलावीत! मग कांद्याच्या पेशी म्हणताना तुम्हाला काही खटकत नाही?

बुचाचा काप
काका, आता तुम्ही म्हणालात म्हणून खटकायला लागलं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप भिंगाखाली धरला (माझं इथलं नाव त्यावरूनच), तेव्हा त्याला रिकाम्या खोल्या दिसल्या, म्हणून सेल, म्हणजे कोठडी. हिंदीने कोशिका करून खोली राखली. मराठीने मांसाचा गोळा उचलला. पण बुचातल्या खोल्या मेलेल्या होत्या, नुसत्या भिंती. जिवंत पेशी आतून गच्च भरलेली असते. तेव्हा पेशी अगदीच वाईट नाही.

पाटीपेन्सिल
कांद्यावरून आठवलं. लेकीने परवाच शाळेत बघितला. पापुद्रा, आयोडीनचा थेंब, काच. म्हणाली विटांसारख्या ओळी, प्रत्येक विटेत एक तपकिरी ठिपका, तोही कडेला सरकलेला. आणि मध्ये "काहीच नाही, सगळं मोकळं".

बुचाचा काप
तीच रिक्तिका! तिच्यासारखंच पहिल्यांदा बघणाऱ्यांनाही ते मोकळं वाटलं. लॅटिन वाकुउस म्हणजे रिकामा, त्यावरून व्हॅक्युओल, आणि आपण इमानेइतबारे रिक्त केलं. खरं तर ती रसाने तुडुंब असते, तो तपकिरी ठिपका म्हणजे केंद्रक, ते कडेला जातं ते तिनेच रेटल्यामुळे. कांद्याच्या रिक्तिकेत एक विकर असतं आणि त्याचं गंधकयुक्त कच्चं द्रव्य बाहेर पेशीद्रव्यात. सुरी फिरली की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि डोळे झोंबतात.

पाटीपेन्सिल
म्हणजे इतकी वर्षं रिकाम्या खोलीने रडवलं म्हणायचं! लेकीला वाचून दाखवलं. तिने वहीत रिक्तिकेपुढे कंसात 'भरलेली' लिहून ठेवलंय. सर, परीक्षेत याचा अर्धा गुण कापला जाईल का हो?