मदत हवी आहे: फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ रेषेला) वळताना ग्लायडरचं नाक अचानक खाली गेलं

लातूरकर_भरारी
सोलो झाल्यापासूनची माझी अकरावी फ्लाइट. शेवटच्या वळणात नाक एकदम खाली गेलं आणि डावा पंख पडला. स्टिक पुढे सोडली, सावरलं, पण धावपट्टीच्या अलीकडे गवतात आपटलो. मला लागलं नाही, चाकाजवळचा भाग तडकलाय. प्रशिक्षक म्हणतात वेग कमी पडला. अहो, मी ताशी 80 किलोमीटरला होतो, डायल बघितलाय! स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख ग्लायडरला पेलत नाहीत तो वेग, 65 ला आहे. मग 80 ला पडलं कसं? रविवारी चेक फ्लाइट आहे, शनिवारी रात्री बस धरायचीय. त्याआधी उत्तर पाहिजे. ‘सराव वाढव’ असं कृपया लिहू नका.

गोदाकाठ
उतरताना दोन्ही ब्रेक सारखे ओढत होतास का? मी कामशेतला शिकलो तेव्हा एकच हात जास्त ओढला गेला की छत्री त्या बाजूला वळायची. हार्नेस कुठला वापरतोस?

लातूरकर_भरारी
पॅराग्लायडर नाही हो! पंखांचं, कॉकपिटचं ग्लायडर. विंचने वर जातो, म्हणजे जमिनीवरचं यंत्र दोराने ओढून वर चढवतं.

आभाळवेडा
65 हा सरळ उडतानाचा स्टॉल. वळणात तो वाढतो. 30 अंश कललास तर साधारण 70, 45 ला 77, 60 ला 92. म्हणजे 45 अंशांत तुझ्याकडे फक्त 3 किलोमीटर शिल्लक होते. आता सांग: किती कललं होतं? उंची किती? वारा कुठून? रडर (शेपटीवरचं सुकाणू) कुठला दिला होतास?

बालाघाट
आणि एअरब्रेक (पंखांवरच्या उघडणाऱ्या पट्ट्या) उघडे होते का? वळणात उघडले असतील तर स्टॉलचा वेग आणखी वर जातो. माझा नियम सोपा आहे, सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या फेरीत, 100 च्या खाली यायचंच नाही.

आभाळवेडा
बालाघाट, हा नियम नवशिक्याला देऊ नका. जास्त वेगाने आलेलं ग्लायडर जमिनीवर तरंगत राहतं आणि पलीकडचं कुंपण गाठतं. इंजिन नाही, पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न नाही. डायलवर पिवळा त्रिकोण असतो, तो वेग धरायचा आणि समोरच्या वाऱ्याच्या निम्मा त्यात मिळवायचा.

बालाघाट
कुंपणाला धडकलेले वाचतात, स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली गेलेले क्वचित. शिवाय जमिनीलगत वारा मंदावतो. समोरचा वारा कमी झाला की तेवढाच वेग हातातून जातो. एप्रिल-मे मध्ये तर वावटळीशेजारची हवा खाली दाबते. मी ते भोगलंय, म्हणून सांगतो.

मन्याड_खोरे
कामून घाबरूलालास भाऊ! 1983 साली कॅनडात बोइंग 767 चं इंधन हवेतच संपलं. कॅप्टन पिअर्सन ग्लायडर उडवणारे, त्यांनी विमान आडवं घसरवत उंची कमी केली आणि गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. ग्लायडर शिकलेला माणूस कुठंही कामाला येतो.

काळीमाती
मी परभणीकडचा शेतकरी, विमानातलं कळत नाही. पण शेतात उतरायची वेळ आलीच तर उभ्या ज्वारीत उतरू नका. वरून सपाट दिसते, पण पंख अडकला की विमान गर्रकन फिरेल. कापणी झालेलं रान बघा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधा.

लातूरकर_भरारी
काका, धन्यवाद, पण मी धावपट्टीवरच उतरत होतो.
आभाळवेडा, उंची 300 फुटांच्या आतच असेल. बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यात, वारा पाठीमागून होता, 20 च्या आसपास. त्यामुळे फायनलची रेषा ओलांडून पुढे गेलो. जमीन जवळ दिसत होती, जास्त कलवायची भीती वाटली, म्हणून डावा रडर दाबून नाक आणलं आणि स्टिक उजवीकडे धरली. एअरब्रेक बंद होते. सांगण्यासारखं काही वाटलं नाही यात.

आभाळवेडा
अरे, हेच तर कारण आहे! नुसत्या रडरने वळवलंस की ग्लायडर बाहेरच्या बाजूला घसरतं आणि आतला, म्हणजे डावा पंख मंदावतो. त्यात स्टिक उजवीकडे, म्हणजे डावीकडचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली. त्या पंखाचा हवेशी कोन वाढला आणि तोच आधी स्टॉल झाला. रडरने नाकही खाली ओढलं जातं, म्हणून तू नकळत स्टिक मागे घेतली असणार. अशा घसरण्यात डायलही नेमका वेग दाखवेलच असं नाही. ग्लायडर आडवं घसरतंय का ते दाखवणारा काचेवरचा लोकरीचा धागा कुठं होता?

लातूरकर_भरारी
बघितलाच नाही. डायल बघत होतो.

आभाळवेडा
त्याचं मोकळं टोक वळणाच्या आत, डावीकडे गेलेलं असणार. पाठीमागून वारा असेल तर बेसवरून लवकर वळ. रेषा ओलांडलीच तर ओलांडू दे, स्टिक आणि रडर जोडीने वापरून परत ये. थोडं तिरकं उतरलं तरी चालेल. आणि हा घसरता स्टॉल विंचच्या उंचीवर स्वतः करून बघू नकोस. विमानाने ओढून भरपूर वर नेलं तरच, प्रशिक्षक सोबत असताना.

बालाघाट
हे मला पटतं. वेगाचं माझं मत तसंच राहील.

लातूरकर_भरारी
प्रशिक्षकांना मी फक्त 80 चा आकडा सांगितला होता. रडरचं बोललोच नव्हतो. रविवारी ग्लायडरमध्ये बसण्याआधी ते सांगतो.