वॉर्डाला मार्क देऊन कोण बुडणार ते कळतं का?

मिठीकाठचा:
मुंबईत हवामान बदलाचा कुणाला किती फटका बसेल हे वॉर्डवार इंडेक्स, म्हणजे सगळं मिळून एक मार्क, काढून ठरवायची पद्धत मला पटत नाही. झोपडपट्टीचं प्रमाण, शिक्षण, नळ, संडास, उत्पन्न सगळं घ्यायचं, ० ते १ मध्ये बसवायचं, सरासरी काढायची की नकाशा तयार. आता वांद्रे पूर्वेकडचा एच-पूर्व वॉर्ड घ्या. बीकेसीची चकचकीत ऑफिसं त्यातच आणि बेहरामपाड्याची झोपडपट्टीही त्यातच. दोघांची सरासरी काढली की जो वॉर्ड हाती येतो त्यात कोणीच राहत नाही. एम-पूर्वचंही तेच, अणुशक्तीनगरची सरकारी कॉलनी आणि देवनार डम्पिंगला चिकटलेली वस्ती एकाच खात्यात.

आकडेमोड्या:
मग काय, आकडाच नको? अहो, आमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी भरतं हे प्रत्येकच जण सांगतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या नाक्यावर पंप बसतो. पालिकेचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन २०२२ मध्ये आला, बजेट वॉर्डावर पडतं, इंजिनिअर वॉर्डाचा असतो, मग मोजणार पण वॉर्डच ना. सरासरी खोटी असेल तर खाली उतरून गल्लीगल्लीचं मोजा, पण मोजणंच फालतू म्हणू नका राव.

मिठीकाठचा:
गल्लीचा डेटा आणणार कुठून? शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही. तेव्हापासून किती चाळी पाडून टॉवर झाले आणि किती माणसं माहुलच्या पुनर्वसन इमारतींत नेऊन टाकली ते आठवा जरा.

कुर्लेवाली:
तुम्ही दोघं वॉर्डावरून भांडताय, मला वेगळंच खटकतं. नुकसान रुपयात मोजलं की श्रीमंत जास्त असुरक्षित ठरतो. पार्किंगमधली एक गाडी बुडाली तर लाखोंचं नुकसान, पण तिला इन्शुरन्स असतो. आमच्या इथे पोटमाळ्याखाली शिलाई मशीन असतं, ते बुडालं तर आकड्यात ते काहीच नाही, पण पुढचे दोन महिने त्या बाईचं कामच बंद. किती महिन्यांची कमाई गेली ते मोजा. आणि सार्वजनिक संडासात पाणी शिरलं की बायकांचे काय हाल होतात, ते कुठल्या रकान्यात भरणार?

आकडेमोड्या:
कुर्लेवाली, कमाईच्या हिशोबात मोजायचं हे एकदम मान्य. पण म्हणजे रकाने वाढवायचे, शीट फाडायची नाही.

परळचा पोरगा:
एक टेक्निकल गोम सांगतो. ते ०-१ करताना सगळ्यात वाईट वॉर्डाला १ आणि सगळ्यात चांगल्याला ० मिळतो, म्हणजे उद्या सगळी मुंबईच दुप्पट बिघडली तरी कुणाचा मार्क हलणार नाही, आणि सगळी सुधारली तरी एक वॉर्ड नकाशात लाल राहणारच. हे क्रमांक लावणं झालं, धोका मोजणं नाही. वर वजनं कुणी ठरवायची? साक्षरतेला आणि छपराला सारखंच वजन का?

दादर पश्चिम:
वस्तीतली माणसं एकमेकांना धरून असतात, तो सामाजिक आधार इंडेक्सला दिसतच नाही. २६ जुलै २००५ ला लोकांनी कसे अनोळखी लोकांना घरात घेतलं विसरलात का.

कुर्लेवाली:
दादरवाले, ते कौतुक आता पुरे. आधार आहे कारण दुसरं काही नाही. शेजारीण डाळभात देते, पण तिचंही घर तेवढंच भिजलेलं असतं.

मिठीकाठचा:
आणि २६ जुलैचंच घ्या, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. पाऊसच एवढा तुकड्यातुकड्यात पडतो तर वॉर्डाचा एक आकडा घेऊन मी काय करू.

आकडेमोड्या:
पाऊस हा धोका झाला, असुरक्षितता वेगळी, तीच तर मोजतोय आपण! कुठे पडेल ते तुमच्या हातात नाही, पण पडल्यावर कोण उठू शकत नाही ते आधीच माहीत असू शकतं ना. बरं, पाणी सोडा, उन्हाळा घ्या. पत्र्याचं छप्पर किती घरांवर आहे एवढं जरी वस्तीवार मोजलं तरी उन्हात कोण भाजणार ते कळेल, सॅटेलाइट फोटोवरून होतं ते, जनगणनेची वाट बघायला नको.

मिठीकाठचा:
छपरं चालतील. पण मग यादी वस्तीच्या नावाने लावा, वॉर्डाच्या नाही.