१३८४ चं पीक स्फटिकातलं नव्हे
इन्फ्रारेड वर्णपटात (पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्याच्या आलेखात) १३८४ सेंमी⁻¹ला टोकदार पीक, म्हणजे शिखर, आलं की युरेनिल नायट्रेटमध्ये सुटा (युरेनियमला न बांधलेला) नायट्रेट आहे, असा निष्कर्ष काढला जातो; तो पटत नाही. त्याच्या हेक्झाहायड्रेटच्या (सहा पाणी असलेल्या) स्फटिकात दोन्ही नायट्रेट दोन-दोन ऑक्सिजननी युरेनियमला धरून असतात. त्यांची पीकं १५३० आणि १२८०च्या आसपास हवीत. १३८४ ही बहुतेकदा केबीआरची, म्हणजे नमुना ज्यात घोटून गोळी करतात त्या पोटॅशियम ब्रोमाइडची करामत. घोटताना आणि गोळी दाबताना ब्रोमाइड नायट्रेटला युरेनियमपासून हुसकावतो. ओलीने हे वाढतं, पण नांदेड-लातूरकडच्या एप्रिलातल्या कोरड्या हवेतही दणकून घोटलं की होतंच.

केबीआरऐवजी नुजॉल (नमुना कालवायचं पॅराफिन तेल) घ्याल तर त्याचं स्वतःचं १३७७चं पीक नेमकं तिथेच येऊन बसतं. म्हणून नायट्रेटचा भाग हेक्झाक्लोरोब्युटाडाइन या दुसऱ्या द्रवात कालवून बघा, ९४०च्या आसपासचं युरेनिलचं (युरेनियम-ऑक्सिजन गटाचं) पीक मात्र नुजॉलमध्येच, कारण तिथे हेक्झाक्लोरो स्वतः शोषतं. एटीआर (पूड न घोटता थेट स्फटिकावर ठेवून मोजायची सोय) असेल तर हा खटाटोपच नको.