टीम्स असताना स्लॅक कशाला?

ताकभात
आमची कंपनी चाकणची, सुट्या भागांची. ऑफिसात बसणारे साधारण ३००. सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, म्हणजे आउटलुक, एक्सेल, वनड्राइव्ह आणि सोबत टीम्स हे चॅट-मीटिंगचं ॲप. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी घेतली, तिच्याबरोबर हुंड्यात स्लॅक हे दुसऱ्या कंपनीचं चॅट ॲप आलं. 'सहा महिन्यांत एकच करू' असं तेव्हा ठरलं होतं. ते सहा महिने अजून चालूच आहेत.

आता कोणी 'मेसेज टाकला होता की' म्हणालं, की पहिला प्रश्न 'कुठे?' मागच्या महिन्यात एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग कोणीतरी स्लॅकवर चिकटवलं, रिव्हिजन सी. शेअरपॉइंटवर, म्हणजे आमच्या सामायिक फाइलींच्या जागेवर, त्याच फाइलची रिव्हिजन डी झाली होती. टूलरूमने स्लॅकवरची सी उघडली आणि ४० नग भंगारात गेले. चूक आमचीच, ॲपची नाही. पण निरोपाची जागा एकच असती तर ती सुटी प्रत फिरलीच नसती.

माझं मत : स्लॅक बंद करावं. टीम्सचे पैसे आधीच भरलेत, दुसऱ्यांदा कशाला? पुढच्या महिन्यात स्लॅकचं रिन्यूअल आहे आणि साहेबांना लेखी द्यायचंय. बोला.

सेमीकोलन
असहमत. मी अशाच एका 'हुंड्यात आलेल्या' टीममध्ये आहे, त्यामुळे बाजू घेणारच.

'टीम्सचे पैसे आधीच भरलेत' हीच तर सगळी मेख आहे. ऑफिसबरोबर टीम्स बांधून दिलं की दुसरं काही विकत घ्यायचं कोणाच्या मनातच येत नाही, अशी तक्रार स्लॅकने जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे केली होती. तिथून दोरी आवळत गेली. ऑक्टोबर २०२३ पासून युरोपात आणि एप्रिल २०२४ पासून जगभर मोठ्या कंपन्यांच्या नव्या ग्राहकांना टीम्स वेगळं घ्यावं लागायला लागलं. तेव्हा जाहीर झालेला दर माणशी महिना सव्वापाच डॉलर. तुमचा करार जुना असणार, म्हणून फुकट वाटतंय. साहेबांना लेखी देताना तो करार एकदा उघडून बघा.

दुसरं, आमचं कामच चॅनेलमध्ये, म्हणजे स्लॅकवरच्या विषयवार गटांत, चालतं. बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करण्याची पायरी) पडलं की तिथे सूचना येते, तिच्याखालीच चर्चा, तिथेच लॉग, तिथेच 'झालं, परत चालवा'. दोन वर्षांनी तोच एरर आला की शोधलं की सापडतं. हे उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे नुसता मेसेजचा डबा बदलणं नव्हे, जोडलेली वीस-पंचवीस ऑटोमेशन्स पुन्हा बांधणं. ते कोण करणार? आयटी? (हसण्याची खूण इथे समजून घ्यावी.)

डेबिटक्रेडिट
मला या भांडणात रस नाही, मी अकाउंट्सला आहे. माझा ८ जीबीचा लॅपटॉप. एक्सेलच्या तीन शीट, टॅली, आउटलुक, आणि त्यात ही दोन्ही. २० तारखेला जीएसटीचं विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायचं असतं, त्या दिवशी मी दोन्ही बंद करते आणि ज्याला घाई असेल तो उठून टेबलापाशी येतो. कामं होतात हो.

आणि दोन दोन काय म्हणताय? व्हेंडरची बिलं येतात व्हॉट्सॲपवर. ते धरा, तीन झाली.

ताकभात
@डेबिटक्रेडिट व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळंच आहे, त्यात आज शिरत नाही.

जुना_लिंक
शिरा की! अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनच्या दलाली कंपनीला कर्मचाऱ्यांचं धंद्याचं बोलणं खाजगी फोनवर, व्हॉट्सॲपवर चाललं आणि त्याची नोंद ठेवली नाही म्हणून एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, १२.५ कोटी डॉलर दंड लावला होता. चाकणला कोणी एसईसी येणार नाही, मान्य. पण ड्रॉइंगवरून गिऱ्हाइकाशी वाद झाला तर 'कोणी कधी काय कळवलं' हे तुम्ही किती ठिकाणी शोधणार?

मी या धंद्यात लिंकच्या (Lync, मायक्रोसॉफ्टचं जुनं ऑफिस चॅट ॲप) काळापासून आहे. २०१५ मध्ये त्याचं नाव स्काइप फॉर बिझनेस झालं, मग टीम्स आलं, आणि मधली काही वर्षं दोन्ही एकाच वेळी चालायची. त्या मोडचं नावच 'आयलंड्स'. टीम्सवरून धाडलेला निरोप समोरच्याच्या टीम्समध्येच पडायचा, स्काइपवरून धाडलेला स्काइपमध्येच. हजेरीचा हिरवा दिवाही दोन्हीकडे वेगळा. ज्याने टीम्स कधी उघडलंच नाही त्याच्यासाठी तिथे निरोपांची रास साठायची आणि पाठवणाऱ्याला वाटायचं, साहेब उत्तर देत नाहीत. एकाच कंपनीची दोन ॲपं होती राव ही! ३१ जुलै २०२१ ला ऑनलाइन स्काइप फॉर बिझनेस बंद झालं तेव्हा आमच्याकडे कोणी हळहळलं नाही. तारीख ठरली म्हणूनच लोक हलले. तुम्हीही तारीख ठरवा.

लिफीकाठ
डब्लिनहून लिहितोय, इथे आम्ही दोन्ही ठेवली आहेत आणि मुद्दाम ठेवली आहेत.

२५ जानेवारी २०२३ आठवतोय? मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कमधल्या एका राउटिंग बदलाने अ‍ॅझ्युर (त्यांची क्लाउड सेवा), आउटलुक, टीम्स सगळं एकदम आडवं झालं. आमच्याकडे सकाळचे सात, तुमच्याकडे दुपारचे साडेबारा. मेल नाही, चॅट नाही, मीटिंग नाही. 'मेल बंद आहे' हे कळवायलासुद्धा मेलच हवा, अशी गत. आम्ही स्लॅकवर होतो म्हणून गिऱ्हाइकांना फोन कोणी करायचे एवढं तरी ठरवता आलं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची हौस असेल तर ठेवा.

जुना_लिंक
४ जानेवारी २०२१ ला, नव्या वर्षाच्या पहिल्याच कामाच्या सोमवारी, स्लॅकही पडलं होतं. पडायचं ते पडतंच. वर्षातून एका दुपारसाठी ३०० जणांना रोज दोन ठिकाणी बघायला लावायचं? त्यापेक्षा पंधरा जणांचे फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.

सेमीकोलन
कागद भिंतीला. बरं.

तारयंत्र
सगळे चॅटवर भांडताय, कॉलिंगचं कोणी बोलतच नाही. खरा गुंता तिथे आहे. आपसातला व्हिडिओ कॉल कुठल्याही ॲपवर करा, कोणी विचारत नाही. पण बाहेरच्या फोन नंबरवर कॉल लावायचा झाला की भारतातला टेलिकॉम नियम आडवा येतो : इंटरनेटवरचा कॉल आणि फोनलाइन यांची सरमिसळ करून फोन कंपनीचं कॉलशुल्क चुकवायचं नाही. म्हणून टीम्सला इथली लाइन जोडताना 'लोकेशन बेस्ड राउटिंग' लावतात. माणूस कुठल्या ऑफिसच्या नेटवर्कवर बसलाय ते बघून कॉल जाऊ द्यायचा की नाही ते ठरतं. सेल्सवाला घरून लावायला गेला की लागत नाही आणि मग तो आयटीला शिव्या देतो. झूमने रीतसर परवाना घेऊन २०२४ मध्ये इथली फोनसेवा काढली, तीही पुण्यापासून. तेव्हा स्लॅक काढा नाहीतर ठेवा, पण सेल्सची लाइन कुठे जाणार ते आधी ठरवा. नाहीतर सहा महिन्यांनी तिसरं ॲप दारात उभं असेल.

ताकभात
@तारयंत्र सेल्सचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद.

@सेमीकोलन करार बघितला. जुनाच आहे, टीम्स त्यातच धरलेलं. तुमचा ऑटोमेशनचा मुद्दा मात्र मान्य. मग असा विचार करतोय : सॉफ्टवेअरवाल्या ४० जणांपुरतं स्लॅक ठेवायचं, बाकीच्यांचं काढायचं. स्लॅकवर फाइल चढवायला बंदी, फक्त शेअरपॉइंटची लिंक टाकायची. ज्या कामात कारखान्याचा माणूस आहे ते टीम्सवर. ४० जणांनाही पैसे भरायचे नसतील तर फुकटच्या प्लॅनवर आणू.

सेमीकोलन
फुकटच्या प्लॅनवर आणू नका! तिथे मागचे ९० दिवसच दिसतात, आणि वर्षापेक्षा जुनं कायमचं पुसलं जातं. ज्या शोधासाठी आम्ही स्लॅकला चिकटलोय तोच जाईल. आणि काहीही करण्याआधी एक्स्पोर्ट, म्हणजे जुन्या मेसेजची प्रत, काढून ठेवा. प्लॅन कुठला आहे?

ताकभात
प्रो.

सेमीकोलन
मग साध्या एक्स्पोर्टमध्ये फक्त सार्वजनिक चॅनेलं येतील. खाजगी चॅनेलं आणि एकमेकांतले मेसेज येणार नाहीत.

ताकभात
ती सी वाली फाइल एकमेकांतल्या मेसेजमध्येच होती.