अमेरिका-चीन व्यापारात करिअर करायचंय, कुठून सुरुवात करू? (बजेट ६,००० डॉलर)

दप्तरवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी एडिसनला (न्यू जर्सी) असते, वय ३४. पुण्यात बी.कॉम., इथे येऊन अकाउंटिंगमध्ये मास्टर्स. गेली सात वर्षं एका छोट्या आयातदाराकडे हिशेब बघते. आम्ही शाळेची दप्तरं, डब्याच्या पिशव्या, सुटकेसी आणतो. जवळजवळ सगळा माल चीनच्या ग्वांगदोंग प्रांताचा. २०१८ पर्यंत ड्यूटी (आयातकर) हा माझ्या खतावणीतला एक कंटाळवाणा रकाना होता. आता मालक सकाळी आल्या आल्या विक्रीचं नाही, त्या रकान्याचं विचारतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचे नवे कर चढत चढत १४५ टक्क्यांवर गेले (आमचे जुने २५ वेगळेच), १४ मेपासून ३० वर आले. त्या पाच आठवड्यांत मी जेवढं शिकले तेवढं मास्टर्सच्या दोन वर्षांत शिकले नाही. आणि खरं सांगू? मजा आली. हेच काम पूर्णवेळ करायचंय.

अटी: ६,००० डॉलरच्या वर खर्च नाही. पगार बंद पडून चालणार नाही. लेक तीन वर्षांची आहे, म्हणून घरापासून तासाभराच्या आत. ग्रीनकार्ड २०२२ चं, म्हणजे नागरिकत्व २०२७ च्या आधी नाही. जपानी भाषेची एन३ परीक्षा (पाचातली मधली पातळी) झालीय (पुणेकर असल्याने अनिवार्य), चिनी शून्य.

कस्टम्स ब्रोकर (आयातदारांच्या वतीने कस्टम्सचं काम करणारा परवानाधारक), परत एखादं मास्टर्स, मँडरिन (प्रमाण चिनी), की आणखी काही? अनुभवी लोकांनी सांगा.

लाँगबीचकर
कस्टम्स ब्रोकर. डोळे झाकून. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर. ८० प्रश्न, साडेचार तास, पुस्तकं उघडी ठेवून. फी ३९० डॉलर. ७५ टक्के म्हणजे ६० बरोबर आले की पास. पुस्तक उघडं म्हणून लोक गाफील राहतात आणि बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त आपटतात. टॅरिफची वीट (करांच्या दरांचं जाडजूड पुस्तक) आणि कस्टम्सचे नियम यात नेमकं कुठलं पान उघडायचं हे बोटांना कळलं पाहिजे. मी पहिल्या फटक्यात पास झालो, माझ्या वेळी तर कागदावर होती. आज इथल्या बंदरावर आपला शब्द चालतो.

सदाशिवपेठी अस्वल
+१. ब्रोकरची परीक्षा द्या. वर्षातून दोनदा असते. पुस्तक उघडं ठेवून देता येते असं ऐकलंय.

नानजिंगची आई
माझं ऐका, परत शिका. आमचा चिरंजीव हॉपकिन्स-नानजिंग सेंटरला होता. १९८६ पासून आहे ते, जॉन्स हॉपकिन्स आणि नानजिंग विद्यापीठाचं मिळून. अमेरिकन मुलांना तास चिनीत, चिनी मुलांना इंग्रजीत, आणि खोलीत जोडीदार दुसऱ्या देशाचा. मुलगा परत आला तो झोपेत चिनी बडबडत. आता वॉशिंग्टनला असतो. २०१८-१९ मध्ये चीनमध्ये शिकणारी अमेरिकन मुलं अकरा हजारांच्या वर होती, २०२२-२३ मध्ये हजारसुद्धा भरली नाहीत. म्हणजे स्पर्धा किती कमी बघा. खर्च होतो थोडा, पण शिक्षणात कंजुषी करू नये.

दप्तरवाली
@नानजिंगची आई, मुलाचं कौतुक आहेच. पण काकू, बजेट सहा हजार. आणि तासाभराच्या आत. नानजिंग नाही हो बसत त्यात.

नासडॅकनाना
व्यापार म्हणजे खोकी हलवणं. खरा पैसा आणि खरी गंमत भांडवलात आहे. अकाउंटिंग येतं ना? मग सीपीए (इथलं सीए) करा आणि न्यूयॉर्कमध्ये यादीत असलेल्या चिनी कंपन्यांच्या ऑडिटकडे वळा. अलीबाबाने २०१४ मध्ये इथे २५ अब्ज डॉलर उभे केले. पण ज्याने शेअर घेतला त्याच्या हाती आली केमन बेटांवरची एक कंपनी. चीनमधल्या धंद्याचा जो भाग परकीयांना बंद, त्याच्याशी तिचं नातं मालकीचं नाही, करारमदारांचं. हे ज्याला ताळेबंदात वाचता येतं त्याला मरण नाही. लकिन कॉफी आठवते? २०१९ च्या मेमध्ये नासडॅकवर आली, २०२० च्या एप्रिलमध्ये कळलं की तब्बल २.२ अब्ज युआनची विक्री कागदावरचीच, आणि जूनअखेर हकालपट्टी. त्याच वर्षी कायदा झाला की ऑडिटचे कागद दाखवा नाहीतर चालते व्हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बीजिंगने मान तुकवली, मग अमेरिकन तपासनीस हाँगकाँगला जाऊन फायली उघडून बसले. मी त्या काळात ज्या टीमसोबत होतो तिथे झोप म्हणजे चैन होती.

सोयाबीन
नाना, मरण नाही म्हणू नका. मी २०२० च्या जानेवारीत 'पहिल्या टप्प्याच्या' अमेरिका-चीन व्यापार करारावर विसंबून नोकरी बदलली. चीन दोन वर्षांत २०१७ च्या पातळीपेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी करणार होता. आमच्या साहेबांनी त्या आकड्यावर माझं पद काढलं होतं. खरेदी ठरल्याच्या जवळपासही गेली नाही. दीड वर्षात पद गेलं, मीही गेलो. आता डेअरीत आहे, सुखी आहे.

इवू रिटर्न
अमेरिकेत राहून चीनचा व्यापार शिकायचा म्हणजे टिळक टाकीच्या काठावर बसून पोहणं. मी इचलकरंजीचा. वर्षातून दोनदा ग्वांगचौच्या कँटन फेअरला (व्यापारी जत्रेला) जातो, तिथून इवूच्या बाजारात. गणपतीच्या लायटिंगच्या माळा आणतो. एक शब्द चिनी येत नाही. कॅल्क्युलेटर पुढे करायचा, ती आकडा टाइप करते, आपण निम्मा टाइप करायचा, ती कपाळावर हात मारते, मग चहा येतो. हेच शिक्षण. ताई, नोकरी सोडा आणि स्वतः आणा माल.

लाँगबीचकर
@नासडॅकनाना: 'खोकी हलवणं' खटकलं. २०२४ मध्ये चीनमधून अमेरिकेत ४३८ अब्ज डॉलरहून जास्त माल आला. तुमची केमनची कंपनी तीच खोकी विकून जगते.

नासडॅकनाना
खोकी महत्त्वाची नाहीत असं म्हटलंच नाही. खोकी हलवणाऱ्याला किती मिळतात आणि खोक्यांवर कर्ज देणाऱ्याला किती, एवढंच विचारतोय. हलके घ्या.

लाँगबीचकर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कांजीवरम
मूळ प्रश्नाकडे येते. एन३ आहे तर चिनी शून्य म्हणू नका. मी जपानीवरून चिनीकडे वळले. बोलायला शून्य, पण डोळ्यांना निम्मं कळतं. नवीन काही पाठ न करता चिनी पॅकिंग लिस्ट उघडून बघा. जपानीतलं 'हिनमेई' म्हणजे मालाचं नाव, तीच दोन अक्षरं चिनीत 'पिनमिंग'. 'सूर्यो', म्हणजे नग, इथे 'शूल्यांग'. 'सांची' म्हणजे उगमस्थान, ते 'चान्दी'. अक्षर थोडं सुटसुटीत केलंय, बस. तुमच्या धंद्यात कराचा दर यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यावरच तर ठरतो!

फसगतही होते. जपानी 'तेगामी' म्हणजे पत्र. तीच अक्षरं चिनीत म्हणजे संडासातला कागद. मी एका पुरवठादाराला 'तुमचं पत्र मिळालं' असं अक्षरं बघून ठोकून लिहिलं होतं. त्याने अतिशय नम्रपणे उत्तर दिलं की आम्ही ते उत्पादन करत नाही.

सदाशिवपेठी अस्वल
हाहा. पण चिनी शिकून उपयोग काय? तिकडे घरात चिनी बोलत वाढलेली लाखो माणसं आहेत. तुम्ही त्यांच्यापुढे काय टिकणार? जपानीच पुढे न्या.

कांजीवरम
मी बोलायचं म्हटलंच नाही, वाचायचं म्हटलं. प्रतिसाद पूर्ण वाचत जा.

फॉर्म ७५०१
चर्चा रंगली आहे, पण एक गोष्ट कोणी बघितलेलीच दिसत नाही. ब्रोकरच्या परीक्षेला बसायलाच अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. लायसन्सला तर लागतंच. ताईंनी पहिल्याच परिच्छेदाखाली लिहिलंय की २०२७ च्या आधी नाही. सरकारी नोकऱ्यांचंही बहुतेक तसंच. तेव्हा ती दोन दारं तूर्त बंद.

पण स्वतःच्या कंपनीच्या मालाचं कस्टम्सचं काम नोकर म्हणून करायला लायसन्स लागत नाही. मी तेच करतो, अकरा वर्षं झाली. नमुना सांगतो.

२०१९ चा मे. १० तारखेपासून जादा कराच्या तिसऱ्या यादीतल्या चिनी मालावरचा कर १० वरून २५ टक्के. सवलत एवढीच, की १० मेच्या आधी चीनमधून निघालेला माल १ जूनच्या आत इथे दाखल झाला तर जुना दर. आमचा ऑफिसच्या खुर्च्यांचा कंटेनर, ८४,००० डॉलरचा, ९ मेला चीनच्या यांतिआन बंदरातून निघालेला. लाँग बीचला येणारा असता तर आरामात पोचला असता. आमचा पनामामार्गे न्यूअर्कला. १ जूनला तो भर समुद्रात. फरक १२,६०० डॉलर. ब्रोकरने २५ टक्क्यांचा मसुदा करून ठेवला होता. त्याची चूक नाही, त्याच्याकडे असे शेकडो. मी मात्र रोज सरकारी सूचना वाचत होतो आणि मुदत १५ जूनपर्यंत वाढवल्याची सूचना सापडली. जहाज १२ ला लागलं. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) 'जहाजावर चढवल्याची तारीख, ९ मे' ही ओळ पिवळ्या पेनाने रंगवून पाठवली आणि खाली जुन्या दराचा टॅरिफ कोड लिहिला: ९९०३.८८.०९. तो कागद अजून माझ्या टेबलासमोर टाचलेला आहे.

ताईंना माझा सल्ला: ड्रॉबॅक बघा. आणलेला माल न वापरता पुढे दुसऱ्या देशात पाठवला असेल, तर भरलेल्या करातले ९९ टक्के परत मागता येतात, आयातीपासून पाच वर्षांच्या आत. २०१८ पासूनच्या तीनशे एक कलमाच्या (म्हणजे वरच्या याद्यांच्या) करालाही हे लागू आहे. २०२५ मध्ये फेंटानिलच्या (एका अमली औषधाच्या) नावाने लावलेल्या कराला नव्हतं. हे काम म्हणजे निव्वळ खतावणी जुळवणं: कुठली आयात, कुठली निर्यात, कागद कुठे. वकिलांना कंटाळा येतो, हिशेबनिसांना झोप लागत नाही. खर्च शून्य.

लाँगबीचकर
नागरिकत्वाचं मला माहीत होतं, ओघात राहिलं.

नानजिंगची आई
नागरिकत्वासाठी थांबायचंच आहे तर तोवर मास्टर्स होऊन जाईल की.

चिकटपट्टी
एक धोक्याची सूचना, कारण कोणीतरी हाही सल्ला देईल. ब्रोकरच्या ऑफिसात एंट्री रायटर (आयातीचे कस्टम्स अर्ज टाइप करणारा) म्हणून जाऊ नका. मी दोन वर्षं केलं. दिवसाला साठ-सत्तर एंट्र्या, कळफलक बडवायचा, गिऱ्हाईक ओरडणार, साहेब ओरडणार, पगार आयातदाराकडच्यापेक्षा कमी. एकदा 'व्हिएतनामचा' म्हणून आलेल्या मालाच्या खोक्यावर वरची चिकटपट्टी सोलली तर खाली चिनी छपाई. मी ते बोललो तर मलाच सांगितलं, तुझं काम टाइप करायचं, सोलायचं नाही.

सदाशिवपेठी अस्वल
+१. एंट्री रायटर नको.

नासडॅकनाना
याबाबत एकमत. आयातदाराकडून ब्रोकरकडे जाणं म्हणजे यजमानपद सोडून वाढप्याचं काम. सीपीएचा विचार करा. मात्र आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं, क्रेडिट मोजणारे नाक मुरडतात, आधी तेवढं तपासून घ्या.

फॉर्म ७५०१
मीही नाही म्हणेन. आहात तिथेच कम्प्लायन्सचं (कस्टम्सचे नियम पाळले जातात ना हे बघण्याचं) पद मागून घ्या.

दप्तरवाली
सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांनी वर काढतेय धागा, काय झालं ते सांगायला.

कांजीवरमने सांगितलं तशी त्याच रात्री एक चिनी पॅकिंग लिस्ट उघडली. तिन्ही रकाने ओळखता आले. नवऱ्याला उठवून दाखवलं, तो म्हणाला छान, झोप.

मग ड्रॉबॅक. आमचा थोडा माल दरवर्षी पनामाला जातो. हे मला माहीत होतं, कारण त्याची बिलं मीच करते. तीन शनिवार बसून आयात-निर्यात जुळवली. जी रक्कम निघाली ती इथे लिहीत नाही, पण मालकाने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सोमवारी त्याने ते काम टक्केवारीवर बाहेरच्या एका कंपनीला दिलं. माझी वही त्यांना दिली. मला म्हणाला, तू हिशेबच बघ, तिथे तुझी गरज आहे. कम्प्लायन्सचं पद मागितलं तर म्हणाला, आपण फार लहान आहोत.

पुढच्या महिन्यापासून एलिझाबेथला, बंदराजवळच्या एका ब्रोकरकडे एंट्री रायटर म्हणून लागतेय. घरून पंचवीस मिनिटं. पगार वर्षाला सात हजारांनी कमी, म्हणजे बजेट मीच मोडलं. मालकीणबाई चीनच्या फूच्यान प्रांतातल्या, तीस वर्षं याच धंद्यात. मुलाखतीत त्यांनी एक बिल पुढे टाकलं आणि विचारलं, यात काय खोटं वाटतं? मालाचं वजन आणि नग जुळत नव्हते. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सोलणारी माणसं मिळत नाहीत. @चिकटपट्टी, तुमची आठवण झाली.

चिकटपट्टी
सहा महिन्यांनी परत लिहा.

लाँगबीचकर
चूक करताय. २०२७ ला परीक्षेच्या वेळी मात्र व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या नोट्स देतो. कागदावरच्या आहेत.

नासडॅकनाना
सात हजार कमी?? असो.

कांजीवरम
फूच्यानच्या बाईंचं घरातलं बोलणं मँडरिन नसेल, त्यावर जाऊ नका. कागद वाचा.

इवू रिटर्न
बंदराजवळ आहात तर एक विचारायचं होतं, माळांचा एक कंटेनर तिकडे पाठवला तर दिवाळीला खपेल का?

गोडामसाला
कस्टम्सचा धागा दिसला म्हणून विचारते. आई पुढच्या आठवड्यात येतेय, दोन किलो भाजणी आणि आंबोशी सामानात चालेल का?

फॉर्म ७५०१
वेगळा धागा काढा.