मदत हवी आहे: कोऱ्या चहात लिंबू, बाबांचे दात कायम आंबलेले

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे. बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. ३ वर्षांपूर्वी त्यांनी दुधासाखरेचा चहा सोडला आणि कोऱ्या चहात लिंबू पिळून घ्यायला लागले, आम्हाला वाटलं बरं झालं, साखर गेली म्हणजे दातही वाचले. आता २ महिने झाले, माठातलं पाणी तोंडात घेतलं तरी कळ थेट कानापर्यंत जाते, भाकरी कढीत भिजवून खातात. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ना, तसं दिवसभर, रात्रीसुद्धा.

परवा बॅटरी मारून बघितलं तर वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्यात, आरपार उजेड दिसतो, आणि दाढांच्या माथ्यावर छोटे पिवळे खळगे पडलेत. मला बघून रडूच आलं.

डेंटिस्ट म्हणाले कीड नाही, आम्लाने झीज झालीय. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण विरघळायला लागतं. कोरा चहा किंवा काळी कॉफी ५ च्या आसपास, म्हणजे काठावरच, पण लिंबू पिळलं की ३ पर्यंत उतरतो आणि हा फरक दोनाचा नाही, १०० पटीचा आहे, कारण एक आकडा उतरला की आम्ल दहापट होतं. दूध घातलं तर ६ च्या वर जातो, म्हणजे आम्ही जे वाईट म्हणून बंद केलं त्यातलं दूध दातांना बरंच होतं की!

त्यात बाबांची पिण्याची पद्धत. पडवीत बसून एक ग्लास तासभर, घोट घोट, दिवसातून ५-६ वेळा. लाळेला तोंड पुन्हा ताळ्यावर आणायला अर्धा तास तरी लागतो, तो मिळतच नाही, शुगरमुळे तोंड कोरडं पडतं ते वेगळंच. आणि पिऊन झालं की लगेच कडक ब्रश. डॉक्टरांनी सांगितलं आधी साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश तासाभराने, कारण आवरण मऊ झालेलं असतं तेव्हाच घासलं तर ते निघून जातं आणि परत येत नाही. पण बाबा म्हणतात, "तोंड आंबट झालां, मगे घासूचा नाय तर काय?"

आता विचारायचंय:

सेन्सिटिव्हिटीच्या टूथपेस्टने फरक पडायला किती दिवस लागले तुमच्याकडे? खळगे भरून घ्या म्हणतायत, कोणाच्या आईवडिलांनी या वयात केलंय का, किती टिकलं? लिंबाऐवजी गवती चहा नि आलं घालून देतेय, पण चव येत नाही म्हणतात, दुसरं काय चालेल? आणि आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) सरबत आम्ही बंद केलंय, पण सोलकढीचं काय करू, जेवणाबरोबर एकदाच घेतली तर चालेल का? ती बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोणी दातांचे डॉक्टर असतील तर प्लीज सांगा.