घरी केलेली सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल: मॉस्फेट उडतात, अर्थिंग आणि ट्यूनिंगबद्दल सल्ला हवा

तांब्याची_तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार महिने खपून टेस्ला कॉइल (उच्च फ्रिक्वेन्सीचं मोठं व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या सोडणारं यंत्र) उभी केली आहे, पण शेवटच्या टप्प्यावर अडकलोय.

सेकंडरी (उच्च व्होल्टेजची गुंडाळी) ११० मिमी पाइपवर, ०.२५ मिमी इनॅमल्ड तारेचे साधारण १००० वेढे, गुंडाळीची उंची २८० मिमी. वर २४ सेंमी व्यासाचा टॉपलोड (डक्टच्या नळीला अॅल्युमिनियमची टेप). प्रायमरी (ऊर्जा देणारी गुंडाळी) जाड इन्सुलेटेड तारेचे १० वेढे. आयआरएफपी ४६० मॉस्फेटची (इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडी हाफ ब्रिजमध्ये (दोघे आळीपाळीने चालू-बंद होतात), अँटेनाचा फीडबॅक (कॉइलच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल परत देणारा), यूसीसी ३७३२१ आणि ३७३२२ ड्रायव्हर (मॉस्फेटची गेट चालवणारे आयसी), ५५५ चा इंटरप्टर (कॉइल छोट्या पल्समध्ये चालवणारा). गेट ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरचा गाभा जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेली रिंग आहे. व्हेरिअॅकने हळूहळू व्होल्टेज वाढवतो.

४० व्होल्टला टोकावर जेमतेम सेंटीमीटरभर जांभळी झाक दिसते. ९० च्या आसपास गेलो की दोन्ही मॉस्फेट जातात. आतापर्यंत तीन जोड्या गेल्या. सेकंडरीचं खालचं टोक भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थ पिनला जोडलंय. कॉइल चालू असताना शेजारच्या खोलीतला लॅपटॉप वेड्यासारखा वागतो आणि एकदा आरसीडीही (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) पडला.

प्रश्न तीन. अर्थिंग कसं करावं? प्रायमरीला कपॅसिटर लावून ट्यून करायचं असतं का? आणि मॉस्फेट का जाताहेत?

शून्य_ओहम

आधी एक विचारतो. ती रिंग पिवळी-पांढरी आहे का?

तांब्याची_तार

हो, पिवळी, एक बाजू पांढरी. १२ वेढे, तीन तारा एकत्र पिळून.

शून्य_ओहम

मग मॉस्फेटचं कारण बहुतेक तिथेच आहे. ती रिंग लोहभुकटीची असते, चोकसाठी. तिची पर्मिअॅबिलिटी (गाभा किती सहज चुंबकित होतो त्याचं माप) ७५ च्या आसपास. गेट ड्राइव्हला हजारोंच्या घरातली फेराइट हवी. या गाभ्यावर १२ वेढ्यांचं इंडक्टन्स इतकं कमी पडतं की ड्रायव्हरचा बराचसा करंट नुसता गाभा चुंबकित करण्यातच जातो. गेटवर चौकोनी लहर येण्याऐवजी उतरत्या खांद्याची, जवळपास त्रिकोणी लहर येते. मॉस्फेट धड चालू नाही, धड बंद नाही, अशा अवस्थेत राहून तापतो. त्यातच दोन्ही एका क्षणी अर्धवट चालू झाले की बस (ब्रिजला पुरवठा करणारी डीसी लाइन) थेट शॉर्ट. कमी व्होल्टेजला हे सहन होतं, ९० ला होत नाही.

मेन्सच्या फिल्टरमधल्या कॉमन मोड चोकची रिंग चालते. बस पूर्ण बंद ठेवा, ड्रायव्हरच्या इनपुटला जनरेटरवरून २०० किलोहर्ट्झ द्या, नुसता ड्रायव्हर चालवा आणि दोन्ही गेटवर स्कोप (लहर दाखवणारं उपकरण) लावा. कडा सरळ हव्यात, उंची १२ ते १५ व्होल्ट, आणि एक वर असताना दुसरा खाली. दोन्ही एकाच वेळी वर दिसले तर एका वाइंडिंगची टोकं उलटी करा. गेटची मर्यादा ±२० व्होल्ट आहे, म्हणून गेट-सोर्सवर १८ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून बसवा. हे जमेपर्यंत बसला हात लावू नका.

रात्रपाळी

अर्थिंगवर मी लिहितो, कारण इथेच लोक सर्वात जास्त चुकतात आणि त्याची किंमत घरातल्या बाकीच्या उपकरणांना मोजावी लागते.

सॉकेटची अर्थ पिन ५० हर्ट्झच्या दोषासाठी आहे. फेज चुकून धातूला लागली तर करंटला वाट मिळावी आणि फ्यूज जावा, हे तिचं काम. तुमचा करंट २०० किलोहर्ट्झचा. सरळ तारेचं इंडक्टन्स मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरा. भिंतीतून खाली जाणारी २० मीटर तार म्हणजे या फ्रिक्वेन्सीला सुमारे २५ ओहम. तिच्यातून दोन-तीन अॅम्पिअर गेले की "अर्थ" म्हणवणारी तार पन्नास-पाऊणशे व्होल्टवर नाचते, आणि त्याच तारेवर तुमचा लॅपटॉप, राउटर, सगळंच बसलेलं आहे. आरसीडी फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजतो. प्रायमरीतून कपॅसिटन्सने सेकंडरीत आणि तिथून अर्थला गेलेला करंट त्याला गळतीच वाटणार.

तळाचं टोक वेगळ्या वाटेने जमिनीत न्या. ओलसर मातीत ठोकलेला तांब्याचा किंवा तांबं चढवलेला रॉड, जितका जवळ तितका बरा, आणि तिथपर्यंत गोल तारेऐवजी रुंद तांब्याची पट्टी. रॉड ठोकण्याआधी खाली पाइप किंवा केबल नाही याची खात्री करा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर कॉइलखाली मीटर-दीड मीटर लांबी-रुंदीची धातूची जाळी पसरा आणि टोक तिला जोडा. टॉपलोड आणि जाळी यांच्यातल्या कपॅसिटन्समधून करंट परत फिरतो. छोट्या कॉइलला हे छान पुरतं. मात्र चालू असताना जाळीवर पाय नको. आणि पाण्याची किंवा गॅसची पाइपलाइन अर्थ म्हणून कधीही वापरू नका.

एक गोष्ट उलट समजू नका. डबा, हीटसिंक, व्हेरिअॅकचं कवच या सगळ्यांना सॉकेटचीच अर्थ हवी. ती काढायची नाही. काढायचं ते फक्त सेकंडरीचं टोक. मेन्सच्या तोंडाशी ईएमआय फिल्टरही (उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा) बसवा.

अनुनाद_प्रेमी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. प्रायमरीला कपॅसिटर लावून जुळवणं हे स्पार्क गॅपच्या आणि डीआरएसएसटीसीच्या (प्रायमरीही रेझोनन्सवर चालणाऱ्या) कॉइलचं काम. तुमच्या प्रकारात ड्रायव्हर सेकंडरीच्या मागे धावतो. ब्रिजच्या मधले फिल्म कपॅसिटर फक्त डीसी अडवतात.

तुमचे आकडे मांडून पाहिले. व्हीलरच्या सूत्राने सेकंडरी साधारण ३६ मिलिहेन्री. गुंडाळीची स्वतःची कपॅसिटन्स ६ पिकोफॅरडच्या आसपास, टॉपलोडची ९-१०. म्हणजे रेझोनन्स (कॉइलची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी) सुमारे २१५ किलोहर्ट्झ. टॉपलोड काढला तर हीच कॉइल ३३० च्या वर जाते, म्हणून मोजमाप नेहमी टॉपलोड चढवून, स्वतः दूर उभं राहून करा. हात जवळ नेला तरी आकडा सरकतो. (तारेची लांबी पाव तरंगलांबीएवढी हवी असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. त्यामागे धावू नका, फ्रिक्वेन्सी इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स ठरवतात.)

खात्री करायची सोपी रीत: सेकंडरीचं तळ आणि अर्थ यांच्यामध्ये दोन एलईडी एकमेकांना उलटे, समांतर लावा. प्रायमरीत फंक्शन जनरेटरने १० व्होल्ट द्या आणि फ्रिक्वेन्सी फिरवा. रेझोनन्सला एलईडी पेटतात, दोन्ही बाजूंना विझतात. मला तर हा क्षण ठिणगीपेक्षाही जास्त आवडतो. बसवर व्होल्टेज देण्याआधी एलईडी काढून टोक थेट अर्थला जोडा.

मग बस कमी ठेवून चालवा. ड्रायव्हर ठीक असूनही ठिणगी येत नसेल तर प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. फीडबॅकची दिशा उलटी असली की ऑसिलेशन सुरूच होत नाही.

शून्य_ओहम

हात घालण्याआधी, कृपया:

व्हेरिअॅक आयसोलेशन (मेन्सपासून वेगळेपणा) देत नाही. ब्रिजच्या बसवर स्कोपची क्लिप लावली तर ती थेट अर्थला जोडली जाते आणि स्फोट होतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा डिफरन्शियल प्रोब. २३० रेक्टिफाय केल्यावर बस ३२५ व्होल्टवर जाते. बसवरच्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये तेव्हा ५० ज्यूलहून जास्त ऊर्जा असते, ती जीव घ्यायला पुरेशी आहे. ४७ किलोओहम, ५ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायम जोडलेला ठेवा. त्याने ५० व्होल्टखाली यायला दीड मिनिट लागतं, म्हणून प्लग काढून निदान चार मिनिटं थांबा आणि मग मीटरने बघा. पहिल्या चाचण्यांना मेन्सच्या मालिकेत १०० वॉटचा फिलामेंट बल्ब लावा. चूक झाली तर बल्ब पेटेल, मॉस्फेट वाचतील.

उच्च फ्रिक्वेन्सीची ठिणगी त्वचेवरूनच जाते म्हणून निर्धोक, हा समज चुकीचा आहे. ती वेदना न होता आतून भाजू शकते, आणि ठिणगीने प्रायमरी गाठली तर तीच वाट मेन्सला मिळते. पेसमेकर असलेलं कोणी घरात असेल तर कॉइल तिथे चालवूच नका. ओझोन जमतो, खिडकी उघडी ठेवा.

तांब्याची_तार

उशीर झाला, माफ करा. रिंग बदलली. आधीच्या रिंगवर मुद्दाम स्कोप लावून पाहिला, खरंच डोंगरासारखी लहर होती. नव्या फेराइटवर कडा सरळ आल्या. एलईडी २०९ किलोहर्ट्झला पेटले. अनुनाद_प्रेमी, तुमचं गणित इतकं जवळ निघेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून जाळी केली. सॉकेटची पिन फक्त हीटसिंकला ठेवली. काल बल्ब लावून, नंतर बल्ब काढून १६० व्होल्टपर्यंत नेली. लॅपटॉप शांत, आरसीडी शांत, मॉस्फेट कोमट. ठिणगी ११ सेंमी. आई दारात उभी राहून बघत होती, तिनेच मोजपट्टी आणून दिली. बंद करून, चार मिनिटं थांबून मग टॉपलोडवरची खूण मोजली.

आता एकच अडचण. ठिणगी टॉपलोडवर कुठूनही निघते आणि कधीकधी खाली प्रायमरीकडे वळते.

रात्रपाळी

टेपच्या सुरकुत्यांवर विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणून कुठूनही निघते. टॉपलोडच्या वर ५-६ सेंमीची टोकदार ताठ तार उभी करा, ठिणगी तिथूनच सुटेल. प्रायमरीकडे वळतेय म्हणजे ती उंच चढलीय. वरचे वेढे खाली दाबा, प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये जाड प्लास्टिकची नळी घाला. प्रायमरी १० वरून ८ वेढ्यांवर आणली तर करंट वाढेल, पण ते आत्ताच नको. आधी १६० ला अर्धा तास, इंटरप्टरच्या छोट्या पल्सवर, मध्ये मध्ये बंद करून ब्लीडरची वेळ पाळून हीटसिंक तपासत चालवा. कोमटच राहिला तर पुढच्या वेळी २०० करा आणि लिहा इथे.